काखेतला चौकोन

सकाळी साडेसातला मी आरशासमोर उभी होते. उजवा हात अर्धा बाहीत आणि कुर्ता डोक्यात अडकलेला. नवरा दूध आणायला गेला होता, मुलीला हाक मारायची लाज वाटली. पाच मिनिटं तशीच उभी राहिले, मग चाचपडत मशीनवरची कात्री घेतली आणि डाव्या हाताने बाजूची शिवण उसवून बाहेर आले. इचलकरंजीत 22 वर्षं लोकांचे ब्लाउज-कुर्ते शिवतेय, पण स्वतःच्या कपड्यातून असं कापून सुटायची वेळ पहिल्यांदाच आली.

खांदा तीन महिन्यांपासून आखडलाय. फ्रोजन शोल्डर. शुगर असणाऱ्यांना हा जास्त होतो असं डॉक्टर म्हणाले, आणि शुगर मला आहेच. दुखरा हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, हे फिजिओथेरपीला शिकवलं होतं. मी घाईत उलटं केलं. तरी सगळा दोष माझा नव्हता. तो कुर्ता मी 2009 च्या माझ्या मापाच्या कागदावरून कापला होता. तेव्हा माझी छाती 36 होती.

लग्नसराई होती, संध्याकाळपर्यंत नऊ ब्लाउज द्यायचे होते. तरी दुकानात गेल्यावर टेप हेमिंग करणाऱ्या पोरीच्या हातात दिली नि म्हटलं, "आधी माझं माप घे." ती हसायला लागली. छाती 40 निघाली. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच वर. आखडलेला खांदा माणूस नकळत उचलून धरतो, गिऱ्हाइकांचा मला लगेच दिसतो, स्वतःचा दिसला नव्हता.

जुना ड्राफ्ट खाकी कागदावर ठेवून वाढवला. समोरून पूर्ण उघडा, हुकांऐवजी टिचबटणं, कारण हुक लावायलाही मनगट वळवावं लागतं. इथपर्यंत सोपं होतं. मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात त्या गोलापाशी, मात्र मी तीच चूक केली जी गिऱ्हाइकं माझ्याकडून करवून घेतात. "ताई, काखेत जरा सैल ठेवा हं!" म्हणून मुंढा 8 इंचांवरून साडेनऊवर उतरवला. मांजरपाटावर कापून कच्ची शिलाई मारली आणि घालून बघितला. हात जेमतेम खांद्याइतका वर गेला आणि अख्खा कुर्ता कमरेपासून वर चढला.

मुंढा जितका खाली, तितकी बाही बरगडीच्या कपड्याला बांधली जाते. हात उचलला की बाजूचा सगळा कपडा त्याच्याबरोबर उचलायचा. सैल दिसतं, पण जखडतं. हे मला माहीत नव्हतं का? क्लासात शिकवलं होतं. रोजच्या "जरा सैल"मध्ये विसरून गेले.

मुंढा परत 8 वर आणला. मग बाहीची गोलाई धरली, म्हणजे मुंढ्याला जोडतात तो बाहीचा वरचा गोल भाग. ती 5 इंच उंच होती, म्हणजे हात खाली सोडलेल्या माणसासाठी सुंदर, एक चुणी नाही. ती साडेतीनवर आणली. गोलाईची लांबी मुंढ्याइतकीच राहायला हवी, म्हणून बाही रुंदीला साधारण दीड इंच वाढली. आता हात खाली असताना काखेपाशी चुण्या पडतात. पडू देत. मी काय लग्नाला चाललेय?

राहिला काखेचा ताण. जुन्या अंगरख्यांना तिथे चौबगला असायचा, चौकोनी तुकडा. 4 इंचांचा, चारी बाजूंना शिवणीसाठी अर्धा इंच माया, म्हणजे कापायचा 5 बाय 5. काखेपासून बाहीची शिवण 4 इंच उसवायची, बाजूची 4 इंच, आणि त्या फटीत तो कोनावर उभा बसवायचा. आडव्या-उभ्या धाग्यांचा तिरपा भाग, म्हणजे उरेब, बरोबर हात उचलायच्या दिशेला येतो आणि कपडा थोडा ताणू देतो. त्रास कोपऱ्यांचा. शिलाई कोपऱ्यावरच थांबवून सुई कापडात ठेवून वळायचं, एक टाकाही पुढे गेला की चुणी पडते. दुखऱ्या हाताने मी एक कोपरा तीनदा उसवला.

"मावशी, डावीकडे नको?" पोरीने विचारलं.

"डावा हात चांगलाय. आणि काखेत कोण बघतंय?"

खरा कुर्ता मऊ पॉपलीनचा. कापड सकाळीच पाण्यात बुडवून वाळत टाकलं होतं, आटायचं ते आधीच आटू दे म्हणून. दुपारी चारला उजवा हात आधी घातला, मग डावा, टिचबटणं दाबली. हात कानापर्यंत गेला नाही, तो खांद्याचा प्रश्न आहे. पण जितका गेला, तितका कुर्ता जागेवर राहिला.

कागदावर तारीख आणि "मी, उजवा हात" लिहून तो खिळ्याला अडकवला. नऊपैकी सहाच ब्लाउज झाले. उरलेल्या तिघींना फोन करून उद्यावर ढकललं. एक चिडली. तिच्या ब्लाउजवर "काखेत सैल" अशी चिठ्ठी होती. तिला म्हटलं, उद्या येताना दहा मिनिटं जास्त काढा, मुंढा पुन्हा मोजायचाय.