पांढरं आभाळ, काळा कडा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी फोटो काढणाऱ्याची पंचाईत ठरलेली. कडा अर्धगोल आत वळलेला, त्यामुळे काठावरूनच समोरची भिंत दिसते. पण तोंड पश्चिमेला, म्हणून ती दुपारपर्यंत सावलीत, आणि वर आभाळ लख्ख. डोळ्यांना दोन्ही दिसतं. कॅमेऱ्याला सांभाळायचं एकच: कडा नीट आला तर ढग पांढरेफटक, ढग आले तर कडा काळाठिक्कर.

हे दुखणं जुनंच. १८५०च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी निगेटिव्ह जोडून एकच प्रिंट काढायचा. तेव्हा निगेटिव्ह काचेवर घ्यायचे, आणि त्या काचा निळ्या रंगाला भलत्याच संवेदनशील. समुद्र उमटेपर्यंत आभाळ पार जळून जायचं. ‘आमच्या वेळी असलं एडिटिंग नव्हतं’ म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवावं.

आता ते काम गिंप या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकटात होतं. फोटोच्या लेयरची (एकावर एक ठेवायच्या थराची) कॉपी करून ती कर्व्ह्जने, म्हणजे उजेड कमीजास्त करणाऱ्या साधनाने, गडद करायची, तिला मास्क, म्हणजे तिचा कुठला भाग दिसावा हे ठरवणारं झाकण, लावायचा आणि त्यावर वरून खाली पांढऱ्याकडून काळ्याकडे ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलणारी छटा, ओढायचा. पांढरं तिथे गडद लेयर दिसते, काळं तिथे मूळ फोटो. समुद्रकिनारी, सरळ क्षितिजावर, एवढ्यात भागतं. सह्याद्रीत कुठलं भागायला! सुळका आभाळात घुसलेला, त्यामुळे आभाळासोबत तोही काळवंडतो. मग मऊ ब्रशने, काळ्या रंगात, मास्कवरून सुळक्याची कड गिरवत बसायचं. ब्रश जरा बाहेर गेला की कॅलेंडरवरच्या देवामागे असतं तसं प्रभामंडळ खडकाभोवती उगवतं.

फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला, असेल तर बरंच सुसह्य. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. अंधारात दडलेले बेसॉल्टचे थर त्यातून वर काढता येतात. पांढरेफटक झालेले ढग मात्र गेले ते गेलेच. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, ढगांवर धरावं, कडा घरी उजळावा.

किती, हा खरा प्रश्न. शॅडोजचा, म्हणजे सावल्या उजळण्याचा, स्लायडर थेट शंभरावर नेणाऱ्यांशी माझं पटत नाही. कपारीतलं पानन् पान दिसतं, पण कड्याची खोली जाते. पोटात गोळा आणणारी ती भिंत सपाट होऊन बसते. थर ओळखू आले की मी माउस सोडतो. घरच्या ग्रुपवर मग विचारणा होतेच, ‘फोटो जरा काळा नाही का आला? आम्ही उभे आहोत तेच दिसत नाही.’ त्यांच्यासाठी हल्ली एक उजळ प्रत वेगळी करून ठेवतो.