पलटणीतून पुस्तकापर्यंत

लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर आठवणी लिहायला घेतल्या, तेव्हा पहिली अडचण आली ती स्थळकाळाची. सैनिकाच्या पत्रावर ठिकाणाचे नाव नसते. तेथे पलटणीच्या नावाखाली ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ एवढाच लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक असतो, आणि त्या ओळीमागे राजस्थानचे वाळवंट आहे की लडाखमधील चौकी, हे घरच्यांनाही कळत नाही. पत्नीने जपलेली आंतर्देशीय पत्रे तारखेनुसार लावून, रजा व बदल्यांच्या तारखांशी ताडून पाहिल्यावरच कोणती हकिगत कोणत्या हिवाळ्यातली, हे ठरवता आले. मजकूर मात्र बहुतेक पत्रांत एकच होता: मी खुशाल आहे, काळजी नसावी.

खरे काम तेथूनच सुरू झाले, कारण पत्रांत जे मुद्दाम टाळले होते तेच पुस्तकात यायला हवे होते. सियाचिन हिमनदीवर ताबा मिळवण्याचे ‘ऑपरेशन मेघदूत’ १९८४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आमची पलटण सियाचिनच्या बाजूला होती. ‘गस्त परतली, सर्व ठीक’ असा अहवाल देण्याची सवय लागलेल्या माणसाला, एकाच दोराला बांधून घेऊन बर्फातील भेगांवरून चालताना पुढच्याच्या पाठीकडे का पाहत राहावेसे वाटते, हे लिहिणे अवघड जाते. भूक मेलेली असते, प्यायचे पाणी बर्फ वितळवून करावे लागते, रॉकेलच्या बुखारीच्या, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगडीच्या, काजळीने थुंकीही काळी येते. या गोष्टी मला सांगण्याजोग्या वाटतच नव्हत्या. हस्तलिखित वाचणाऱ्या संपादिकेने नेमक्या त्याच पानांवर खुणा करून अधिक लिहायला सांगितले. शौर्याची वर्णने तिने निम्म्याने कापली, आणि ते योग्यच झाले.

सेवेत असताना लष्करी विषयावर काही प्रसिद्ध करायचे तर पूर्वपरवानगी लागते. आर्मी रूल्स, १९५४ मधील नियम २१ त्याविषयीच आहे. निवृत्तीनंतरही शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ सुटत नाही. म्हणून चौक्यांची नावे, अंतरे, मनुष्यबळ आणि दळणवळणाचे तपशील मी स्वतःच गाळले. त्यामुळे पुस्तक पातळ होईल असे वाटले होते, पण उरली ती माणसे, आणि तीच मला सांगायची होती. सोबत्यांची नावे बदलली. जे गेले त्यांच्या घरी जाऊन ती प्रकरणे वाचून दाखवली.

प्रकाशन स्वतःच केल्यामुळे आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची कागदपत्रेही माझ्याच वाट्याला आली. ग्रंथालयांना पुस्तके देण्याविषयीच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते, हे नव्या लेखक-प्रकाशकांना सहसा कोणी सांगत नाही.

आता कथा लिहितो आहे. चौकी कल्पित असल्याने तिची उंची आणि माणसांची संख्या हवी तशी लिहिता येते, आणि कोणाच्या घरी परवानगी मागायला जावे लागत नाही.