आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तरी पोट दुखतंय

टाके निघाले, बायोप्सीचा रिपोर्ट चांगला आला, भेटायला येणारे ‘आता सुटलात’ म्हणून गेले. तरी पोट दुखतं, आणि दुखलं की मनात पहिल्यांदा एकच येतं: परत आला असेल का? दुखणं आणि भीती एकमेकांत मिसळली की दोन्ही वाढतात. दुखण्याचं कारण शोधायचं ते दुखण्यावर इलाज करण्यासाठी. आजार परतला का, हे बघायला तपासण्या आहेत. ही दोन कामं वेगळी ठेवली की बराच भार हलका होतो.

वरची कातडी दोन आठवड्यांत जुळते. पण पोटाच्या स्नायूंवरचं जे जाड आवरण टाक्यांचा खरा भार पेलतं, त्यात पुरेशी ताकद यायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून निदान सहा आठवडे भरलेली बादली, सिलिंडर, नातवंड, काही उचलायचं नाही. पुण्यात दुचाकी केव्हा चालवू, हा प्रश्न सगळेच विचारतात. पण पोटावर सर्वांत जास्त ताण येतो तो गाडी मेन स्टँडवर चढवताना, आणि ते कोणी विचारत नाही. रिक्षातून जाताना पोटाशी उशी धरा, स्पीडब्रेकरचा धक्का कमी बसतो. खोकताना, शिंकतानाही तीच उशी कामाला येते. अंथरुणातून सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि मग हाताच्या कोपरावर भार देऊन उठा.

तीन महिन्यांनंतरही दुखत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टर ओपीडीत एक साधी परीक्षा करतात. तुम्हाला उताणं झोपवून दुखतं त्या जागी बोट दाबून धरतात आणि डोकं-खांदे उचलायला सांगतात. तेव्हा दुखणं वाढलं, तर त्याचा उगम बहुधा पोटाच्या भिंतीत असतो: अडकलेली नस, स्नायू किंवा आतला टाका. कमी झालं, तर कारण आत शोधायचं. ही परीक्षा झाली नसेल तर करायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि उगाच होणारा एखादा स्कॅन वाचू शकतो.

नसेचं दुखणं ओळखता येतं. जळजळ होते, शॉक बसल्यासारखी चमक येते, पायजम्याची नाडी किंवा साडीचा काठ लागला तरी सहन होत नाही. अशा दुखण्यावर पॅरासिटामॉलचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी अमिट्रिप्टिलिन, गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन यांसारख्या गोळ्या देतात. त्या रात्री लहान डोसने सुरू होतात, सुरुवातीला गुंगी येते आणि गुण कळायला दोन-तीन आठवडे लागतात. पुष्कळ लोक चौथ्या दिवशीच ‘फरक नाही’ म्हणून त्या बंद करतात. तसं करू नका. महिनोन्महिने घेतलेली गोळी एकदम थांबवणंही चूकच, तिचा डोस हळूहळू कमी करतात डॉक्टरच. दुखणं एकाच बिंदूवर असेल तर पेन क्लिनिकमध्ये तिथे भूल देणारं इंजेक्शनही देतात. व्रणाच्या आसपास बधिरपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी जपून वापरा, भाजलेलं कळत नाही.

उभं राहिल्यावर किंवा खोकल्यावर व्रणाजवळ फुगवटा येत असेल आणि झोपल्यावर जात असेल, तर तो हर्निया असू शकतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरही तो होतो.

कळा येऊन जातात, जेवणानंतर वाढतात, पोटात गुडगुडतं, तेव्हा आतडी एकमेकांना चिकटल्याची शक्यता असते. त्यासोबत उलट्या, फुगलेलं पोट आणि गॅससुद्धा सरत नाही असं झालं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा. घरी जुलाबाचं औषध किंवा एनिमा अजिबात नको.

पोटात राहिलेला मल हे दुखण्याचं सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. ट्रामाडॉल या जोरकस वेदनाशामक गोळीने बद्धकोष्ठ होतो, त्याने पोट दुखतं, आणि मग आणखी ट्रामाडॉल घेतलं जातं. ही गोळी चालू असताना मल मऊ ठेवणारं औषध हवंच, ते मागून घ्या. पॅरासिटामॉल दिवसाला चार ग्रॅमच्या वर नको, आणि वजन कमी असेल किंवा लिव्हर नाजूक असेल तर डॉक्टर त्याहून कमी सांगतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच असतं, तेही धरून मोजा. केमो चालू असेल तर गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा, कारण गोळीने ताप झाकला जातो. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर लगेच हॉस्पिटलला फोन करायचा.

गुदाशयाचा भाग काढलेल्यांना वेगळाच त्रास असतो. तासाभरात चार-पाच वेळा शौचाला जावं लागतं, थांबता येत नाही, पोट पूर्ण साफ झाल्यासारखं वाटत नाही. मल साठवणारी जागाच लहान झालेली असते. वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांना बराच फरक पडतो, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी उपयोगी पडते. बाहेर पडायच्या आधी लोपेरामाइड (जुलाब रोखणारी गोळी) चालेल का, किती, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. लाजून घरात बसणं हा त्यावर उपाय नाही. गुदद्वारच काढलेल्यांनाही तिथे कळ आल्याचा, शौचाला लागल्याचा भास होतो. तो नसांचा असतो. अशा वेळी बसायला मधे भोक असलेली गादी घेऊ नका, तिने जखमेवर ओढ बसते. साधी मऊ उशी बरी.

खाणं पहिले चार-सहा आठवडे मऊ आणि थोडं-थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा: गुरगुट्या भात, मुगाचं वरण, ताक. मटकी, हरभरे, कोबी, मक्याची कणसं नंतर, एका वेळी एकच पदार्थ सुरू करत. म्हणजे मिसळपावही तूर्त नको. दिवसभर उपास करून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, हेही नको.

आता भीतीबद्दल. लिव्हर किंवा फुप्फुसातली छोटी गाठ सहसा दुखत नाही, म्हणून दुखण्यावरून आजार परतल्याचा अंदाज बांधता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांसाठी साधारण वेळापत्रक असं: पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी सीईए ही रक्ताची तपासणी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, सहा ते बारा महिन्यांनी सीटी, आणि ऑपरेशननंतर एका वर्षाने कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीने तपासणी). तुमचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फाईलच्या पहिल्या पानावर लावा. सीईए शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. धूम्रपान, लिव्हरचे विकार, कुठली सूज यांनीही आकडा थोडा वर जातो. वर गेलेल्या एका आकड्यापेक्षा पुढच्या तपासणीत तो कुठे जातो याला महत्त्व आहे. इंटरनेटवर त्याचा अर्थ शोधू नका.

रिपोर्टच्या आधीच्या आठवड्यात झोप उडते, पोटही बिघडतं. दिवसातली वीस मिनिटं काळजीसाठी ठरवा आणि मनात येईल ते वहीत लिहा. रात्री तोच विचार आला की ‘उद्या पाच वाजता’ म्हणून पुढे ढकला. त्याच वहीत दुखण्याची तीव्रता शून्य ते दहा, जागा, जेवण आणि शौच यांची नोंद ठेवली की ओपीडीत पाच मिनिटांत सगळं सांगता येतं.

चालणं हे दुखणं आणि भीती दोन्हींवर औषध आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॅलेंज अभ्यासात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या, केमो संपलेल्या 889 रुग्णांचा समावेश होता. त्यातल्या ज्यांना तीन वर्षं व्यायामाचा आखीव कार्यक्रम दिला, त्यांच्यात पाच वर्षांनी आजाराशिवाय असलेल्यांचं प्रमाण 80 टक्के होतं. फक्त माहितीपत्रक दिलेल्यांत 74 टक्के. व्यायाम होता आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण तासाच्या भरभर चालण्याइतका. सुरुवात मात्र सारसबागेच्या सपाट वाटेवर दहा मिनिटांनी करा. पर्वतीच्या पायऱ्या नंतर.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप नसेल, तर डॉक्टरांना सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दुखणं आवरत नसेल तर वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरमध्ये कॅन्सरच्या रुग्णांवर मोफत उपचार होतात. पॅलिएटिव्ह शब्द ऐकून घरचे घाबरतात. पण त्रास कमी करणारे हे उपचार फक्त शेवटच्या दिवसांचे नाहीत, निदानापासून कुठल्याही टप्प्यावर घेता येतात. तिथे जाताना डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा स्कॅन आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.