मुलं कंटाळत नाहीत का?

मोठी नावाजलेली संग्रहालयं सोडून मुलांना घेऊन तुम्ही आडबाजूच्या जुन्या घरांत आणि दोन-चार खोल्यांच्या संग्रहालयांत का जाता, कंटाळत नाहीत का ती? हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. कंटाळतात. साधारण चाळीस मिनिटांनी कंटाळतात, आणि म्हणून तर लहान जागा निवडते.

मोठ्या संग्रहालयात चाळीस मिनिटांत तिकिटं काढून, बॅगा ठेवून, स्वच्छतागृह शोधून आपण जेमतेम पहिल्या दालनाशी पोचतो. घर तेवढ्या वेळात बघून संपतं. ‘झालं सगळं बघून!’ असं म्हणत बाहेर पडायला मुलांना भारी आवडतं. (मलाही.)

शिवाय घर म्हणजे काय, हे मुलांना आधीच ठाऊक असतं. काचेमागचं नाणं कुठल्या राजाचं, ही पाटी मी कितीही रंगवून वाचली तरी त्यांचं लक्ष खिडकीबाहेर. कुणाच्या तरी जुन्या स्वयंपाकघरात उभं केलं की मात्र तोंडं सुटतात. पाणी कोण भरायचं? रात्री शू लागली तर? एकदा मुलीनं विचारलं, “नोकर कुठे झोपायचे?” ती तेव्हा सात वर्षांची. माहिती सांगणाऱ्या बाई क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनी आडवी बांधलेली दोरी सोडली आणि जिन्याखालची अंधारी जागा दाखवली. पाठ केलेलं भाषण राहिलं बाजूला. अशी दोरी सोडणारं माणूस लहान जागीच भेटतं.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ॲमस्टरडॅममधलं, डच चित्रकार रेम्ब्रांटचं घर. ते फारसं अपरिचित नाही, पण त्याची गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. 1639 साली त्यानं हे घर घेतलं, पैसे काही फिटले नाहीत आणि 1656 मध्ये दिवाळं निघालं. तेव्हा कारकुनांनी खोलीखोलीतून फिरून सामानाची यादी केली, 363 नोंदींची. चित्रं तर त्यात होतीच, पण शिंपले, शिरस्त्राणं, रोमन सम्राटांचे अर्धपुतळेही होते. सामान विकलं गेलं, घरही गेलं. पुढे त्याच यादीच्या आधारे त्या खोल्या पुन्हा मांडल्या. एवढा मोठा चित्रकार आणि उधारी फेडता आली नाही, हे ऐकून माझ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच्या लेखी तोवर थोर माणसं फक्त थोर होती.

मुलांना पडझडीच्या गोष्टी हव्या असतात, असं माझं मत होत चाललंय. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते याच्यामुळे. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला आणि उचलताना क्रेन मोडून त्याचे तुकडे झाले. नंतर ते जोडले. आत सुंदर मातीच्या प्रतिकृती आहेत, पण मुलांना हत्तीचे सांधे शोधायचे असतात. शोधू द्यावेत.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर एका माणसानं जमवलेले दिवे आणि अडकित्तेच इतके आहेत, की सगळं बघायचा हट्ट धरला तर भांडण ठरलेलं. तिथे मी प्रत्येकाला एकच वस्तू निवडायला सांगते. घरी ठेवायला मिळाली तर कुठली? का? बाकीचं न बघता निघालो तरी चालतं. हे संग्रहालय केळकरांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं केलं. हे मात्र मी मुलांना बाहेर पडल्यावर सांगितलं.

फसतंही. ‘येथे बसून ते लिहीत’ अशी नुसती खुर्ची असेल तर पाच मिनिटं पुरतात, आणि त्या पाच मिनिटांत मुलगा खुर्चीत बसलेला असतो. लहान जागा कधी बंद असतील याचा नेम नसतो, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा. मी एकदा केला नव्हता. कुलूप बघून परत फिरण्याऐवजी आम्ही अर्धा तास दार बघितलं: खिळे मोजले, मोठ्या दारातली दिंडी बघितली, आत जाताना कुणाला वाकावं लागलं असतं त्याचा हिशेब केला. मी, हे एकमतानं ठरलं.

रेम्ब्रांटच्या यादीचा परिणाम म्हणून मुलीनं घरी येऊन आमच्या बैठकीच्या खोलीची यादी केली. अजून फ्रिजवर लावलेली आहे. ‘खुर्च्या चार, एक डुगडुगते. घड्याळ एक, पाच मिनिटं पुढे. उशा तीन. आजी एक, सोफ्यावर.’