आमची वाटचाल : तसबिरींपासून कृष्णधवलपर्यंत

जळगावात फ्रेमवाले पुष्कळ. पण जुन्या वास्तूंचे कृष्णधवल फोटो स्वतः काढून, डार्करूममध्ये स्वतः धुऊन, स्वतःच मढवणारे आम्हीच. वडील देवादिकांच्या तसबिरी मढवायचे. त्यांचा गुनिया, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, आजही रोज हातात असतो.

चांगदेवचं मंदिर, फरकांड्याचे झुलते मनोरे, पारोळ्याचा किल्ला हा आमचा माल. लाल फिल्टर लावला की निळं आभाळ काळं पडतं आणि दगड पुढे येतो. सकाळच्या तिरप्या उन्हात तर चांगदेवच्या भिंतीवरचं कोरीवकाम सुटं दिसतं.

2005 च्या सुमारास बड्या कंपन्या कृष्णधवल कागद बंद करू लागल्या आणि आमचे हाल सुरू झाले. त्यातच एका शेजारी दुकानदाराने आमचाच चांगदेवचा प्रिंट स्कॅन केला, फ्लेक्सवर छापला, फायबरची पट्टी ठोकली आणि निम्म्याहून कमी भावात विकायला लावला. एका हॉटेलची अख्खी ऑर्डर त्याच्याकडे गेली. आमचे माउंट, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी, कापून तयार होते! जाब विचारला तर म्हणे, “देऊळ काय तुझ्या बापाचं?” देऊळ नसेल, निगेटिव्ह तर माझी होती ना? सागाच्या पट्टीवाल्याची उधारी थकली, निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायचं यंत्र, एनलार्जर, विकायला काढला.

तेवढ्यात अमळनेरचे एक निवृत्त मास्तर आले. नवं घर बांधलेलं. मी रंगीत मनोरे दाखवले, तर कृष्णधवलवर बोट ठेवून म्हणाले, “भाऊ, हाऊच बरा शे.” पैसे आगाऊ दिले. पुढे लेकीचं घर, जावयाचा दवाखाना, सगळ्या भिंती त्यांनीच आमच्याकडे धाडल्या. एनलार्जर राहिला.

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो आणि फ्रेमच्या कोपऱ्यात पट्टीचा कापही 45 अंशांचा. लाकूड कच्चं असेल तर ते आकसून कोपरे उघडतात, मग कितीही पिना मारा. विषय निघालाच आहे तर सांगतो, काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंट हवाच. नाहीतर पावसाळ्यात इमल्शन, म्हणजे फोटोवरचा चित्राचा थर, काचेला चिकटतं, आणि मग ते कोणाच्याच्याने सुटत नाही. माउंट ॲसिड-फ्री घ्या, साध्या पुठ्ठ्याने कडा पिवळ्या पडतात. पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा.

नंतरची वर्षं बरी गेली. त्या शेजाऱ्याच्या उघडलेल्या फ्रेमा हल्ली दुरुस्तीला आमच्याकडेच येतात. करून देतो. रोखीने.