आमची वाटचाल : बारा इंची टॉवेलपासून

पहिलं सॅम्पल आलं तेव्हा अण्णांना वाटलं, कुणीतरी टॉवेलचा कोपरा कापून पाठवलाय. १२ इंच बाय १२ इंच, चारही बाजूंनी शिवलेला. त्यांनी मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन लावला, "बाकीचा टॉवेल कुठाय?" तो हसला. म्हणाला, अण्णा, हा अख्खाच आहे. याला वॉशक्लॉथ म्हणतात, अमेरिकेत तोंड धुवायला लागतो. हाताला वेगळा, अंगाला वेगळा. आमच्या अण्णांचं सगळं आयुष्य एका पंच्यावर गेलेलं. फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "माणूस एकच असतो ना तिकडे?"

हे १९९७ सालचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे आठ माग होते. आजोबा तेलंगणातून सोलापुरात आले ते गिरणीच्या कामाला. १८७७ साली इथे पहिली गिरणी निघाली आणि तेव्हापासून आमच्या पद्मशाली समाजाची घरंच्या घरं इकडे येत राहिली. त्यामुळे आमच्या घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. आजोबांनी हातमाग चालवला, अण्णांनी यंत्रमागावर चादर काढली. टॉवेल आले चादरीचा धंदा बसायला लागल्यावर. आणि टॉवेलबरोबर अमेरिका आली, ती आधी वजनाच्या भाषेत.

आपल्याकडे टॉवेलचं वजन जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं बोलतात. अमेरिकेतला हॉटेलचा माल डझनाला किती पौंड यावर चालतो. '२४ बाय ५०, साडेदहा पौंड' असं ऑर्डरवर लिहिलेलं असलं की बारा टॉवेल मिळून साडेदहा पौंड भरायला हवेत, म्हणजे एक टॉवेल साधारण ३९७ ग्रॅमचा. सलूनचा '२० बाय ४०, पाच पौंड'. अण्णा रोज संध्याकाळी वहीत पौंडाचे किलो करत बसायचे. पहिल्या मोठ्या ऑर्डरला आम्ही घाबरून प्रत्येक टॉवेल पंधरा ग्रॅम जड काढला. तेवढं सूत फुकट गेलं. जास्त वजनाचे पैसे कुणी देत नाही, कमी भरलं तर कापतात. हा धडा मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता.

तोवर आम्ही दुसऱ्याच्या नावावर माल पाठवत होतो. अमेरिकेला कापड पाठवायला कोटा, म्हणजे ठरावीक मालाची परवानगी, लागायचा आणि तो मोठ्यांकडे असायचा. १ जानेवारी २००५ला कोटा पद्धत गेली. सोलापुरात तेव्हा पुष्कळांनी जुने सुलझर आणि रेपियर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे, माग आणले. आम्हीही सहा आणले, नक्षी काढणाऱ्या डॉबीसकट. कर्ज काढून. अण्णा दोन महिने माझ्याशी धड बोलले नाहीत.

थेट ऑर्डरी सुरू झाल्या तशी आमची दिनदर्शिकाच बदलली. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडेचा सेल, मग नाताळ. तो माल दुकानात वेळेवर लागायचा तर आमचा कंटेनर जुलै-ऑगस्टमध्ये न्हावा-शेव्यातून हलायला हवा. म्हणजे विणकाम ऐन जूनमध्ये. आणि जून-जुलैत आमच्या जिल्ह्यात काय असतं हे सांगायला नको. पालख्या पंढरपूरकडे निघालेल्या, अर्धे मजूर वारीला. उरलेले आमच्या तेलुगू घरांतले, ते श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथोत्सवाला जाणार म्हणजे जाणारच. या दोन सुट्ट्यांच्या फटीत आम्ही लाल-हिरव्या टॉवेलांवर बर्फाचे बाप्ये, म्हणजे स्नोमॅन, विणायचो. शिलाईवाल्या बायका विचारायच्या, हा कोण? मी म्हणायचो, अमेरिकेचा पाहुणा. त्यांचा खरा प्रश्न दुसराच होता. नाताळचा टॉवेल नाताळ झाल्यावर काय करतात? मी मुंबईच्या एजंटला विचारलं. त्याचं उत्तर : माळ्यावर ठेवतात, नाहीतर पुढच्या वर्षी नवा घेतात, म्हणून तर तुमचा कारखाना चालतो.

अमेरिकी माणूस उधळ्या, हे आमचं सगळ्यांचं मत तेव्हाच पक्कं झालं होतं. ते जरा हललं ऑडिटमुळे. गिऱ्हाइकाने पाठवलेले लोक आले. आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार कुठे, पाणी कुठे, मजुरांच्या वयाचे पुरावे, ओव्हरटाइमचं रजिस्टर. आणि बायकांसाठी वेगळं संडास-बाथरूम नाही, यावर लाल शेरा. खरं सांगायचं तर आमच्या कारखान्यात बायकांचं बाथरूम झालं ते त्या शेऱ्यामुळे. तोवर आलेल्या एकाही सरकारी तपासनिसाने ते विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं, हे लिहायला लाज वाटते. मात्र बाथरूम बांधा म्हणणाऱ्या त्याच गिऱ्हाइकाच्या खरेदी खात्याने त्याच महिन्यात डझनामागे आठ सेंट कमी करायला सांगितलं. दोन्ही पत्रं एकाच फाइलला लावलेली आहेत.

२००८च्या मंदीत आमचा तयार नाताळ-माल अडकला. ऑर्डर रद्द, कारण एका ओळीचं. कंपनीचा लोगो नव्हता म्हणून निदान विकता तरी आला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत एका ओळखीच्या स्टॉलवर आम्ही तो किलोवर काढला. त्या उन्हाळ्यात साखर पेठेपासून नई जिंदगीपर्यंत गच्च्यांवर बर्फाचे बाप्ये वाळत घातलेले होते, ४३ डिग्रीत.

मी स्वतः अमेरिकेला गेलो २०११मध्ये. भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. बघायचं काय, म्हणाला. मी म्हटलं, टॉवेल. तो मला एका मोठ्या दुकानात घेऊन गेला. आमचा टॉवेल मी बॉर्डरवरून ओळखला. आम्ही ज्याचे सव्वादोन डॉलर घेतले होते तो तिथे सात डॉलर ९९ सेंटला. मधल्या पैशांत जहाज, गोदाम, दुकानाचं भाडं, जाहिरात हे सगळं येतं, ते मला कळत होतं. तरी पोटात खड्डा पडला.

पण त्याहून जास्त वेळ मी परतीच्या काउंटरपाशी उभा होतो. एका बाईंनी टॉवेलचा सेट परत आणला. धुतलेला होता, मला दुरून कळलं, पाइल, म्हणजे वरचे सुताचे फासे, बसलेलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काही खराबी? बाई म्हणाल्या, रंग बाथरूमला शोभत नाही. पैसे मिळाले, वर हसून आभार. भाचा सांगत होता, यातला बराच माल पुन्हा रॅकवर जात नाही, ढिगाने व्यापाऱ्यांना विकतात. मला आधी राग आला. मग हेवा वाटला. आपल्या दुकानात पावती दाखवूनही माल परत घेताना मालक तोंड असं करतो की गिऱ्हाइकानेच चोरी केलीय. तिथे त्या बाईंवर कुणी शंका घेतली नाही.

रात्री झोप लागेना तेव्हा हिशेब जुळला. तिथलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, भाव करत नाही, किती सभ्य लोक, असं आपण परत येऊन सांगतो. घासाघीस होते की. ती दुकानात होत नाही इतकंच. ती आठ महिने आधी सोलापुरात होऊन गेलेली असते. त्या बाईंच्या परतीच्या पैशातला काही भाग माझ्या बिलातून 'डिफेक्टिव्ह अलाउन्स' म्हणून आधीच टक्क्यात कापलेला होता, माल खराब असो वा नसो. एकदा तर बारकोडचं स्टिकर खोक्याच्या उजव्याऐवजी डाव्या बाजूला लागलं म्हणून चार्जबॅक, म्हणजे बिलातून कापलेला दंड, आला. अण्णांना मी ते सांगितलंच नाही.

दुसरी गोष्ट कळली ती ड्रायरची. भाच्याच्या सोसायटीत कपडे बाहेर वाळत घालायला बंदी. असे नियम तिथे बऱ्याच वसाहतींत आहेत, दोरीवरचे कपडे दिसले की घरांची किंमत उतरते म्हणे. उन्हाळ्याचं स्वच्छ ऊन, आणि घरात वीज जाळून टॉवेल वाळतात. माझ्यासाठी मात्र तो ड्रायर म्हणजे पाठ्यपुस्तक निघाला. त्याच्या जाळीत साठलेली मऊ धुळकट गादी बघितली आणि 'लिंट फार आहे' या तक्रारीचा अर्थ पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. आम्ही दोरीवर वाळवून तपासत होतो, दोरीवर सूत झडत नाही, आकारही फारसा आखडत नाही. परत आल्यावर एक ड्रायर घेतला. मे महिन्यात भर दुपारी, बाहेर पापड भाजेल असं ऊन असताना आम्ही आत वीज जाळून टॉवेल वाळवतो आणि आटलेले इंच मोजतो. वॉचमन अजून हसतो.

कोविडची दोन वर्षं थोडक्यात : आधी सगळं रद्द, मग घरी बसलेल्या अमेरिकेला एकदम नवे टॉवेल हवे झाले, आणि आम्हाला कंटेनर मिळेना.

याच काळात मुलीने देशातल्या ऑनलाइन दुकानांवर आमचा माल चढवला. पुणे, बेंगळुरू, गुरुग्राम. महिन्याभरात पहिला परतीचा खोका आला. आत वापरलेला, हळदीचा डाग पडलेला टॉवेल, कारण लिहिलेलं : रंग आवडला नाही. अण्णा तेव्हा ८१ वर्षांचे. त्यांनी तो हातात घेऊन नीट पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "अमेरिका इथवर आली की." ते स्वतः अजून पंचाच वापरतात. आमचा ६०० जीएसएमचा टॉवेल त्यांना ओली घोंगडी वाटतो. वाळतच नाही, म्हणतात. सोलापुरातल्या पावसाळ्यात ते खरंही आहे.

आणि मग २०२५. आमच्यासारख्या सुती टेरी, म्हणजे फाशांच्या, टॉवेलवर अमेरिकेत आधीपासून ९.१ टक्के ड्युटी होतीच. ७ ऑगस्टला त्यावर २५ टक्के चढले, २७ ऑगस्टला आणखी २५. बेरीज ५९.१. ही वरची वाढ तेव्हा पाकिस्तानला १९, तुर्कस्तानला १५. सत्तावीस तारखेच्या आधी जहाजावर चढलेल्या आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथे पोचून कस्टममधून सुटणाऱ्या मालाला दुसऱ्या वाढीतून सूट होती. आमचा कंटेनर २० ऑगस्टला चढला. तांबड्या समुद्रातली वाट टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती, पाच-सहा आठवडे लागत होते. बोटांवर मोजून कळत होतं की पोचणार नाही.

ड्युटी कायद्याने भरायची असते आयातदाराने. पण गिऱ्हाइकाचा व्हिडिओ कॉल आला तो 'अर्धी तुम्ही उचला' म्हणायला. माणूस सभ्य, बारा वर्षांची ओळख, त्याने अण्णांची तब्येतही विचारली. मी म्हटलं, आमचं उरतं सहा टक्के, त्यातले पाच घ्या. त्याने मान हलवली, समजतो म्हणाला, आणि पुढच्या हंगामाची ऑर्डर आली नाही. त्याच्यावर मी चिडलो नाही. त्याच्या वर दुकान आहे, दुकानाच्या वर ती रंग न आवडलेली बाई आहे, आणि तिला सात डॉलर ९९ सेंटच्या वर एक सेंट द्यायची सवय कुणी लावलेली नाही. आम्हीच लावली नाही, असंही म्हणता येईल.

आमचे सहा माग सध्या एका पाळीवर आहेत. ऑस्ट्रेलियाची एक छोटी ऑर्डर चालू आहे, तिथे सेंटिमीटरमध्ये बोलतात, मुलीला बरं वाटतं.

नोव्हेंबरमध्ये भाच्याने त्याच दुकानातून फोटो पाठवला. आमच्याच आकाराचा, आमच्यासारखाच पांढरा टॉवेल, आमच्याच जागी रचलेला. लेबल पाकिस्तानचं. मी फोटो मोठा करून बॉर्डर पाहिली, मग शिलाई खात्यात नेऊन सगळ्यात जुन्या बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोटाने टाके मोजले. म्हणाल्या, "कोपरे आपल्यापेक्षा चांगले मोडलेत."