मिटिंगचा पत्ता

व्यसनमुक्तीच्या वॉर्डातून मला घरी सोडले, तेव्हा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाने हातात एक झेरॉक्स दिली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे सगळे जिला एए म्हणतात त्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या, आमच्या भागातील मिटिंगची ठिकाणे, वार आणि वेळा तीत छापल्या होत्या. वॉर्डातील उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या कागदाबद्दल, कारण तो केव्हा तयार केला याची तारीख त्यावर कुठेच नव्हती.

पहिला पत्ता महापालिकेच्या एका शाळेचा होता. संध्याकाळी सातला मी फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा आत अंधार होता आणि रखवालदार खुर्ची टाकून मोबाइल पाहत होता. मिटिंगचे विचारताच त्याने मान वर न करता सांगितले, "ते दारूवाले काका लोक ना? शाळेत इलेक्शनचं ट्रेनिंग लागलं तेव्हा गेले, ते परत आलेच नाहीत." कुठे गेले, हे त्याला ठाऊक नव्हते. दुसरा पत्ता चर्चच्या सभागृहाचा; तिथे मिटिंग खरोखरच होत असे, पण यादीत दिलेल्या वारी नव्हे. यादीच्या तळाशी असलेला दूरध्वनी क्रमांक बंद झालेला होता. रुग्णालयात परत जाऊन हे सांगितले, तर खिडकीतल्या बाईंनी आधी केसपेपर मागितला आणि तो पाहून तीच झेरॉक्स पुन्हा पुढे केली. "आमच्याकडे जी यादी आहे तीच आम्ही देतो," असे त्या म्हणाल्या. यावर काय बोलणार?

ज्याने कधी घेतली नाही, त्याला ही किरकोळ गैरसोय वाटेल. पण संध्याकाळी सात ते साडेआठ ही माझी वर्षानुवर्षांची 'बसण्याची' वेळ होती. ती वेळ मिटिंगसाठी म्हणून राखून ठेवायची, घरी तसे सांगून बाहेर पडायचे, आणि मग बंद फाटकासमोर दीड तास मोकळा हाती यायचा, तोही स्टेशनकडे परतणाऱ्या रस्त्यावर ओळखीचे दोन बार असताना. नुकत्याच सोडलेल्या माणसावर याहून वाईट प्रसंग आणणे अवघड आहे.

पत्ते का बदलतात, हे मला पुढे कळले. एए बाहेरच्या कोणाकडून देणगी घेत नाही, सभासद स्वखुशीने टोपलीत टाकतील त्यावरच भागवते, आणि ग्रुप स्वतःची जागा घेत बसत नाहीत. त्यामुळे शाळेची किंवा चर्चची खोली नाममात्र भाड्याने मिळते आणि परीक्षा, निवडणूक, रंगकाम अशा कोणत्याही कारणाने सुटते. हे मला मान्य आहे. मात्र अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेली आणि मुंबईत १९५७ पासून असलेली ही संघटना अनामिकता पाळते ती माणसांच्या नावांची. खोलीचा पत्ता गुप्त ठेवण्याचे काहीच कारण नाही. कागदी फलक दारावर फक्त मिटिंगपुरता लावून लगेच काढून घेण्याची पद्धत मला आजही पटत नाही, आणि आमच्या ग्रुपमध्ये मी ते बोलूनही दाखवले आहे.

अखेर उपयोगी पडला तो एएच्या इंटरग्रुप कार्यालयाचा, म्हणजे भागातील सगळ्या ग्रुपांच्या सामाईक कार्यालयाचा क्रमांक, जो त्यांच्या संकेतस्थळावर होता. फोनवरच्या गृहस्थांनी माझे पूर्ण नाव विचारलेच नाही. "आज घेतली आहे का?" एवढे विचारून, नाही म्हणताच, "स्टेशनच्या कोणत्या बाजूला उतरता?" असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्या संध्याकाळी तिकीट खिडकीपाशी एक सभासद माझी वाट पाहत उभे होते आणि मला थेट खोलीपर्यंत घेऊन गेले. म्हणून नवख्याने यादीवर विसंबून एकट्याने जाऊ नये. आधी फोन करावा आणि कोणी सोबत येईल का, हे निःसंकोच विचारावे.

मिटिंगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. चहा होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे अशी सक्ती नव्हती. फी नसते, दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. बायकोला किंवा भावाला सोबत न्यायचे असेल, तर मिटिंग 'ओपन' आहे ना, हे आधी विचारून घ्यावे, कारण 'क्लोज्ड' मिटिंगला फक्त मद्यपीच बसतात. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मिटिंग असतात. माझ्या पत्नीने तिथे जायला सुरुवात केल्यावर माझे खिसे तपासणे बंद केले, याचे श्रेय मी त्या मंडळींना मोकळेपणाने देतो. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातून बरे झालेले काहीजणही आमच्याकडे येतात. तिथला पाठपुरावा आणि एए ही दोन्ही ते सांभाळतात. एका ग्रुपमध्ये मन रमले नाही, तर दुसरा पाहावा. मलाही पहिल्या ग्रुपमधील लांबलचक भाषणे सोसली नाहीत.

एक महत्त्वाचे आधीच सांगायला हवे होते. जो रोज भरपूर पितो, त्याने मिटिंग सापडली म्हणून त्याच दिवशी परस्पर दारू बंद करू नये. एकाएकी थांबवल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. त्यासाठी आधी डॉक्टरांना भेटावे, आणि कोणाकडे जावे हे सुचत नसेल, तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय निःशुल्क हेल्पलाइनवर विचारावे.